दीडशे मिनिटं

दादा, शनिवारी सकाळी मी परत तुझ्या बेडोक स्टेशनवर उतरले.

तुझा तेरावा होऊन आठवडा झाला होता. मला कोणी बोलावलं नव्हतं. माझ्या बून ले स्टेशनला मेट्रोत चढताना मी ठरवलं होतं, आज मधेच सिटी हॉलला उतरायचं, नुसतं भटकायचं आणि परत यायचं. पण सिटी हॉल आलं तेव्हा मी बसूनच राहिले. बेडोकला दार उघडलं आणि उठले. खाण्याच्या गाळ्यांच्या त्या हॉकर सेंटरमध्ये आपल्या दोघांच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं पॉरिज खात होतं. कोपी, म्हणजे इथली कॉफी, विकणाऱ्या आंटीने मला लांबूनच बघून दोन बोटं वर केली. नेहमीच्या दोन ना? मला नाही म्हणता आलं नाही. तिने दोन कप आणून ठेवले. मी दोन्ही प्यायले. तुझा बिनसाखरेचा आधी.

तुझे आवाजी मेसेज मी अजून पुसलेले नाहीत. एकूण एकेचाळीस आहेत. तुआसला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसले की एकेक ऐकते. "अनू, क्लोरीनची व्हॅलन्सी एक... मग ऑक्सिजनची... दोन कशी काय?" "अनू, मॅग्नेशियमच्या पुढे... दोन क्लोरीन का लावायचे... एक का पुरत नाही?" तेव्हा मला वाटायचं, तू थांबून थांबून विचार करतोयस. मला त्याचं कौतुकही वाटायचं. बावन्नाव्या वर्षी माणूस इतकं मन लावून शिकतोय! दादा, तू विचार करत नव्हतास. तू श्वास घेत होतास. आता ते इतकं स्पष्ट ऐकू येतं की तेव्हा कसं कळलं नाही, हेच कळत नाही. दिवसभर प्लांटमध्ये फिरते तरी तुझ्या दोन शब्दांमधली ती जागा कानात असते.

या शिकवणीची सुरुवात तुझ्या लेकीमुळे, इरामुळे झाली. ती सेकंडरी थ्रीमध्ये, म्हणजे आपल्या नववीत, गेली आणि पहिल्याच चाचणीत केमिस्ट्रीत नापास झाली. तू ट्यूशन लावूया म्हणालास, तर तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सरळ नाही सांगितलं. "आय डोंट वॉन्ट ला, बाबा. एव्हरीवन गोज, एव्हरीवन स्टिल क्राइज." मग तू तिच्याजवळ बसायला गेलास आणि तिने वही मिटली. "नो नीड, बाबा. यू डोंट नो धिस वन." हे तू मला हसत हसत सांगितलंस खरं, पण ते तुला लागलं होतं. तू कॉमर्सचा. शाळेनंतर विज्ञानाचं तोंड पाहिलेलं नाहीस. चांगी बिझनेस पार्कमध्ये वीस वर्षं बँकेच्या रिपोर्टांवर सह्या केल्यास. आपल्या घरात विज्ञान माझ्या वाट्याला आलं होतं.

"मला शिकव," तू म्हणालास. "सगळं. अगदी अणूपासून. तिच्या पुस्तकातलं पहिलं पान ते शेवटचं."

"कशाला? मीच शिकवते ना इराला."

"तिला तू नकोयस, अनू. तिला मी हवाय, हे तिला अजून माहीत नाही."

असं तू बोलायचास. मग कोण नाही म्हणणार?

मी सिंगापूरला आले तेव्हा पहिलं वर्ष तुझ्याच घरी राहिले. माझ्या खोलीत पंखा लावायला तू स्वतः स्टुलावर चढला होतास आणि वहिनी खालून ओरडत होती. मला इथली नोकरी लागली त्या दिवशी तू माझ्याबरोबर तुआसपर्यंत आला होतास, रस्ता दाखवायला, आणि मग तीन तास बाहेरच्या बस स्टॉपवर बसून होतास. वीस वर्षांत तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस. दर शनिवारी दोन तास.

पहिल्या शनिवारी मी तुला मोल शिकवला. सहाच्या पुढे तेवीस शून्यं, साधारण एवढे कण म्हणजे एक मोल. तू बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलास. "हे कोणी मोजले?" मी म्हटलं, मोजले नाहीत, वजनावरून काढले. "म्हणजे अंदाज." अंदाज नाही दादा. "बरं, नाही," म्हणालास आणि चेहऱ्यावरून मात्र अजिबात पटलेलं नव्हतं. पण संयुगांवर आलो तसा तू खुललास. चाळीस टक्के कॅल्शियम, बारा टक्के कार्बन, अठ्ठेचाळीस टक्के ऑक्सिजन, तर संयुग ओळखा. "टक्केवारी माझा प्रांत आहे," म्हणालास आणि टिश्यू पेपरवर मांडायला लागलास. प्रत्येकाला त्याच्या अणुभाराने भागलंस. एक, एक, तीन. कॅल्शियम कार्बोनेट. "चुनखडी!" तू इतक्या मोठ्याने म्हणालास की शेजारच्या टेबलावरच्या काकांनी वळून पाहिलं. त्या संध्याकाळी तू इराच्या वहीत डोकावून म्हणालास, हे तुझं उत्तर चुकलंय, इथे तीन ऑक्सिजन यायला हवेत. ती चकित झाली. "बाबा, सिन्स व्हेन यू नो एम्पिरिकल फॉर्म्युला?" तू मला फोन करून हे तीनदा सांगितलंस.

वायूंच्या धड्यावर मात्र आपलं जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हटलं, गणितासाठी आपण आदर्श वायू धरतो. त्याच्या कणांना आकारमान नाही, ते एकमेकांना ओढत नाहीत.

"असा वायू कुठे असतो?"

"कुठेच नसतो."

"मग त्याच्यावर गणितं कशी करतेस?"

"कारण उत्तर जवळपास बरोबर येतं."

"जवळपास," तू म्हणालास. "माझ्या ऑफिसात मी असं म्हटलं ना, तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील." मी चिडले. मी म्हटलं, तुला शास्त्र शिकायचंय की वाद घालायचाय? तू म्हणालास, दोन्ही. मग आपण हसलो. पण पुढच्या शनिवारी तू तोच मुद्दा परत काढलास, आणि त्याच्या पुढच्या शनिवारीही. मला वाटायचं हा तुझा हट्टी स्वभाव. आपल्या बाबांसारखा.

आणि मग तो प्रश्न.

त्या दिवशी आपण तास संपवत आणला होता. तू खिशातून कागद काढलास. तुझ्या ताठ, सरळ अक्षरात लिहिलं होतं: दोन लिटरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन दीडशे बार दाबाने भरला आहे. मिनिटाला दोन लिटर या वेगाने बाहेर सोडला, तर तो किती वेळ पुरेल?

"हे इराच्या पुस्तकात नाहीये," मी म्हटलं.

"एका जुन्या पुस्तकात दिसलं. करून दाखव."

मी अर्ध्या मिनिटात केलं. दाब जेवढा कमी, तेवढं आकारमान जास्त. दीडशे गुणिले दोन, बाहेरच्या हवेच्या दाबाला तीनशे लिटर. मिनिटाला दोन, म्हणजे दीडशे मिनिटं. खाली दुहेरी रेघ ओढली. अडीच तास.

"नक्की?"

"नक्की."

"आणि मधे वेग कमीजास्त केला तर?"

"दिलेलं नाहीये ना. जे दिलेलं नाही ते धरायचं नाही."

"आणि शेवटचा वायू? तोसुद्धा सगळा बाहेर येतो?"

"दादा, परीक्षेत इतकं कोणी बघत नाही."

तू कागदाची घडी घातलीस. "बरं," म्हणालास. नेहमीसारखा वाद घातला नाहीस. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, चला, एकदा तरी पटलं याला.

मी काय काम करते, दादा? मी वायू भरणाऱ्या प्लांटमध्ये इंजिनियर आहे. आमच्याकडे कुठलाही सिलिंडर कधीच तळापर्यंत रिकामा करत नाहीत. आत थोडा दाब शिल्लक ठेवायचा, हा नियम नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. मी स्वतः सांगते. त्या हिशेबाने तुझी वीस मिनिटं तिथेच गेली होती. वेग वाढवला तर आणखी. हे सगळं मला त्या टेबलावर बसून माहीत होतं. तू दोनदा विचारलंस. नेमकं तेच दोनदा विचारलंस. आणि मी तुला पुस्तकी उत्तर दिलं, कारण मला घरी जायचं होतं आणि कपडे वाळत घालायचे होते.

तुझ्या फुप्फुसांचा आजार मला माहीत होता, पण तू सांगितलास तेवढाच. दम लागतो, डॉक्टर बघतायत, औषध चालू आहे. घरी दोन महिन्यांपासून ऑक्सिजनचं मशीन होतं, हे वहिनीला माहीत होतं, इराला माहीत होतं. मला नव्हतं. मला कळलं की मी चिंचवडला आईला फोन करणार आणि आई मिळेल त्या विमानाने येणार, म्हणून तू दोघींना बजावून ठेवलं होतंस. तेव्हापासून तू मला घरी बोलवायचा थांबलास. "घरी पसारा आहे, हॉकरलाच बसू." तू नेहमी माझ्या आधी येऊन बसलेला असायचास. निघताना म्हणायचास, "तू हो पुढे, मी जरा बसतो." मी वळूनही न बघता स्टेशनकडे जायचे. तुला चालताना मी दोन महिन्यांत एकदाही पाहिलं नाही. हे माझ्या लक्षातही आलं नाही.

इराच्या शाळेचा कार्यक्रम शनिवारीच होता, दुपारी चारला. चायनीज ऑर्केस्ट्रात ती गुझेंग वाजवते, आणि पहिल्यांदाच तिला एकटीचं वाजवायला मिळणार होतं. आपली चिंचवडची नात चिनी तंतुवाद्य वाजवते म्हणून आईला फोनवर केवढा आनंद झाला होता. वहिनी त्या आठवड्यात नाशिकला होती, तिच्या वडिलांच्या आजारपणासाठी.

"तू ये ना बरोबर," तू मला म्हणालास.

"प्लांटचं दुरुस्तीचं शटडाउन चालू आहे दादा, सुट्टी नाही. रेकॉर्डिंग पाठव."

तू आग्रह केला नाहीस.

त्या संध्याकाळी सव्वासहाला माझा फोन वाजला. इराच्या शिक्षिकेचा होता. मी हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून टॅक्सीत बसले. तुआसपासून हॉस्पिटलपर्यंत अख्खं बेट ओलांडायचं होतं. पोचले तेव्हा तुझ्या तोंडावर मास्क होता, डोळे मिटलेले, आणि इरा परफॉर्मन्सच्या लाल ड्रेसमध्ये भिंतीला टेकून उभी. नखांना वाजवायच्या नख्या चिकटवलेल्या होत्या, त्या काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. मी तिचा हात धरून एकेक टेप सोडवत बसले. शिक्षिका सांगत होती, कार्यक्रम संपल्यावर सगळे उठले, इराचे बाबा मागच्या रांगेत बसूनच राहिले. शेजारच्या बाईंच्या लक्षात आलं की ओठ निळे झालेत. पायाशी छोटा सिलिंडर होता. रिकामा.

सिलिंडर. मला तेव्हाही कळलं नाही. मी फक्त विचारत राहिले, कसला सिलिंडर?

वहिनी दुसऱ्या दिवशी पोचली. कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसून ती म्हणाली, "ज्याच्याकडून सिलिंडर घेतला ना, तो माणूस म्हणाला होता, दोन तासांच्या वर धरू नका. मी फोनवर यांना बजावलं होतं. तर हे म्हणाले, काळजी करू नको, पक्क्या माणसाकडून करून घेतलंय. अडीच तास पुरतो."

पक्क्या माणसाकडून.

मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. दोन लिटर, दीडशे बार, मिनिटाला दोन. मला प्रत्येक आकडा दिसत होता, तुझ्या अक्षरात. त्या माणसाने दोन तास सांगितले होते. तुला जाऊन-येऊन आणि इराचं वाजवणं ऐकून अडीच लागणार होते. तुला अडीच हवे होते. आणि मी ते तुला दिले, खाली दुहेरी रेघ ओढून.

बाहेर येऊन मी वहिनीला काहीच बोलले नाही.

डॉक्टर म्हणाले, आजार आधीच पुढे गेला होता. त्या दिवसामुळे फार फरक पडला असं म्हणता येणार नाही. मी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. त्यांनी तीनदा तेच सांगितलं. "फार." हा शब्द मला अजून सोडत नाही.

पुढचे सात आठवडे तू घरी होतास. खिडकीजवळ पलंग, शेजारी ते मशीन, दिवसभर त्याची घरघर. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून मी घरी यायला लागले. आल्या आल्या तू म्हणालास, "कुठे होतो आपण? आवर्तसारणी." मला वाटलं होतं तू वही बंद करशील. तू दुप्पट वेगाने शिकायला लागलास. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, आणि तो द्यायला सोडियम इतका उतावीळ का, यावर तू इराला अर्धा तास समजावलंस, दर चार शब्दांनी थांबत. ती तुझ्या पलंगावर मांडी घालून बसली होती. तिने एकदाही "आय नो, बाबा" म्हटलं नाही. पुढच्या चाचणीत ती पास झाली, दादा. चांगली पास झाली. तुला माहीत आहे ते. पेपर तूच तपासून पाहिलास, शिक्षिकेने दिलेला एक मार्क तू काढून घेतलास आणि दोघं त्यावरून भांडलात.

आपण दोघं त्या गणिताबद्दल कधीच बोललो नाही. एकदा मात्र जवळ आलो होतो. चौथा किंवा पाचवा शनिवार असेल. मी तुला कुठल्यातरी क्षाराचं वस्तुमान काढून दिलं आणि तू माझ्याकडे बघत राहिलास.

"काय झालं?"

"तू हल्ली प्रत्येक उत्तराच्या पुढे 'साधारण' म्हणतेस."

मी पेन खाली ठेवलं. तू हसत होतास, पण डोळ्यांत हसू नव्हतं. की होतं? मी ते हजार वेळा आठवून पाहिलंय. मी म्हटलं, "दादा, तो सिलिंडरचा..." आणि वहिनी पेजेचा वाडगा घेऊन आत आली. तुला उठवून बसवायचं होतं, उशी मागे लावायची होती. ते झालं. तू चार चमचे पेज घेतलीस आणि तुला झोप लागली. मी बसून राहिले. मशीन घरघरत होतं. तू उठलास तेव्हा इरा ऑर्केस्ट्राच्या सरावाहून आली होती आणि खोलीत तिचा आवाज भरून गेला होता.

पुढे तुला बोलायचा त्रास व्हायला लागला. मग एका मंगळवारी सकाळी वहिनीचा फोन आला.

इथल्या स्मशानभूमीच्या भागाला मंडाई म्हणतात. तू नेहमी हसायचास, म्हणायचास, पुणेकर माणूस शेवटी कुठे जाणार, तर मंडईत. त्या दिवशी टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना माझ्या तोंडून "मंडई" असंच निघालं आणि मी आणि वहिनी एकमेकींकडे न बघता हसलो. तुझ्या मागे गाडीत बसून आम्ही हसलो. तुला चाललं असतं.

तर परवा शनिवारी, दोन कोपी पिऊन, मी तुझ्या घरी गेले. वहिनी खाली बाजारात गेली होती. इराने दार उघडलं. डायनिंग टेबलावर तिचं पुस्तक उघडं होतं.

"आत्या, टाइमली! धिस गॅस क्वेश्चन, कॅन हेल्प?"

मी बसले. साधंच गणित होतं, इतके मोल, तर वायूचं आकारमान किती. मी पेन हातात घेतलं आणि मला ते करता येईना. इतकी साधी गोष्ट. हात पुढे जाईना. इराने पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

"आत्या, यू ओके?"

आणि मी तिला सांगितलं. पंधरा वर्षांच्या मुलीला. मराठीतच सांगितलं, सावकाश, तिला प्रत्येक शब्द कळेल असं. बाबांनी मला एक गणित विचारलं होतं. मी उत्तर चुकीचं दिलं. चुकीचं म्हणजे, मला बरोबर माहीत असून अर्धवट दिलं. त्या भरवशावर ते तिथे बसले.

ती रडेल असं मला वाटलं होतं, किंवा उठून जाईल. तिने पुस्तकाचा कोपरा दुमडला, उलगडला, परत दुमडला.

"आय सॉ द नीडल," ती म्हणाली.

कसला काटा, मी विचारलं.

मग ती मराठीत बोलायला लागली, जशी ती फक्त तुझ्याशी बोलायची, मोडकंतोडकं. मध्यंतरात ती मागे तुझ्याकडे आली होती. जिने चढून तुला दम लागला होता, म्हणून तू ऑक्सिजनचा वेग वाढवून ठेवला होतास. सिलिंडरवरचा काटा लाल पट्ट्याच्या जवळ आला होता. ती म्हणाली, बाबा, घरी जा, मी टॅक्सी बोलावते. तू म्हणालास, तुझं वाजवून होऊ दे, मग जातो. "आणि मी परत नाही बोलले, आत्या. मला पाहिजे होतं बाबांनी ऐकावं. मी स्टेजवर गेले. मला माहीत होतं आणि मी गेले. मी पूर्ण वाजवलं. फास्ट पण नाही वाजवलं."

इतके आठवडे ती हे घेऊन त्या घरात वावरत होती, दादा. तुझ्या पलंगावर मांडी घालून बसत होती. आम्ही दोघी त्याच पलंगापाशी बसून तुझ्याबरोबर अणूंबद्दल बोलत होतो आणि दोघींच्या पोटात हेच होतं.

मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, इरा, ऐक. तुझा काही दोष नाही. बाबा मोठे होते, त्यांनी ठरवलं. त्यांना ऐकायचं होतं, त्यांनी ऐकलं. तू लहान आहेस, ते ठरवायचं काम तुझं नव्हतं. हे मी इतक्या ठामपणे म्हटलं की माझा मलाच आवाज अनोळखी वाटला. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

ती माझ्याकडे बघत होती. "सो बाबा डिसायडेड," ती म्हणाली. "देन यू ऑल्सो, आत्या. सेम, वॉट."

सेम नाही, दादा. ती पंधरा वर्षांची आहे आणि मी वायूंची इंजिनियर. पण तिला ते त्या क्षणी समजावून सांगणं मला जमलं नाही, आणि खरं सांगू, सांगायचंही नव्हतं.

बाहेरचं लोखंडी गेट वाजलं. वहिनी भाजी घेऊन आली. आमचे चेहरे बघून दारातच थांबली. मी म्हटलं, "वहिनी, जरा बसतेस? आम्हा दोघींना तुला काहीतरी सांगायचंय."

ती बसली. आधी इरा बोलली, मग मी. वहिनीने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. पालकाच्या जुड्यांमधून पाणी तिच्या साडीवर ठिबकत होतं. आमचं सांगून झाल्यावर तिने आधी इराला जवळ ओढलं, अगदी लहानपणी ओढायची तसं, आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं मला माहीत होतं, अनू. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या आठवड्यातच त्यांनी सांगितलं. म्हणाले, अनूला विचारलं होतं, पण माझ्यासाठी आहे हे सांगितलं नाही. चूक माझी. आणि म्हणाले, तिच्याशी बोलू नकोस यावर. तिला वाईट वाटेल, मग ती शिकवायला यायची नाही, आणि माझं अजून अर्धं पुस्तक राहिलंय."

मी रडायला लागले तेव्हा ती म्हणाली, "मला तुझा राग आला होता. अजून आहे. त्यांचाही आहे. तो आहे तोवर असू दे. पण तू येणं बंद करू नकोस."

मग ती उठली आणि पालक निवडायला घेतला. मी तिच्यासमोर बसून निम्म्या जुड्या निवडल्या. इराने ते गणित स्वतःच सोडवलं आणि उत्तर मला दाखवलं. बरोबर होतं.

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. तू मला "साधारण" म्हणून चिडवलंस तेव्हाही माहीत होतं. तू हसत होतास ते खरंच हसत होतास. सात आठवडे तू मला सांभाळून घेतलंस, पलंगावर पडून, मोजून श्वास घेत, आणि मला वाटत होतं मी तुला शिकवतेय. वहिनीला तू 'चूक माझी' असं म्हणालास. ते मी ऐकून घेणार नाही. तू दोनदा विचारलं होतंस, दादा. दोन्ही वेळा बरोबर विचारलं होतंस. उत्तर माझं चुकलं. माफ कर.